चुकारा खात्यात पडेपर्यंत

(दृश्य : जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या, वजनकाटा, हातातली काटापावती.)

यवतमाळ जिल्ह्यात डिसेंबर उजाडला की जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि चार-आठ दिवसांनी तशीच रांग तालुक्याच्या बँकेपुढे दिसू लागते. पूर्वी कापसाचा चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, रोखीने किंवा धनादेशाने हाती येई, आता तो थेट खात्यात जमा होतो. त्यामुळे बँकेच्या खिडकीपाशी दिवसभर एकच प्रश्न ऐकू येतो, "चुकारा पडला काय जी?" या साध्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी खिडकीमागच्या बाबूला तो चुकारा कोणत्या वाटेने निघाला होता हे शोधावे लागते.

व्यापाऱ्याने पैसे पाठवले असतील, तर ते बहुधा आरटीजीएस किंवा एनईएफटी या एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याच्या यंत्रणांनी येतात. आरटीजीएस ही दोन लाख रुपये आणि त्याहून मोठ्या रकमांची वाट असून तिथे प्रत्येक व्यवहार स्वतंत्रपणे आणि लगेच पुरा होतो. २००५ पासून चालू असलेल्या एनईएफटीत मात्र दर अर्ध्या तासाला व्यवहारांची एक तुकडी निघते. १६ डिसेंबर २०१९ पासून ही सेवा रात्रंदिवस सुरू असल्याने दिवसाला अशा ४८ तुकड्या होतात. तुकडीचा हिशेब पुरा झाल्यावर दोन तासांच्या आत रक्कम खात्यात जमा करावी किंवा पाठवणाऱ्या बँकेला परत करावी, असा नियम आहे. उशीर झाला तर रेपो दराच्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने देते त्याच्या) वर दोन टक्के दराने व्याज द्यावे लागते आणि ते ग्राहकाने न मागताही देणे बँकेवर बंधनकारक आहे.

ज्या लहान सहकारी बँका या यंत्रणेच्या थेट सदस्य नसतात, त्यांचा चुकारा एका मोठ्या प्रायोजक बँकेच्या दारातून आत येतो. म्हणजे वाटेत आणखी एक नाका आला आणि संध्याकाळी जुळवण्याच्या हिशेबात आणखी एक वही वाढली.

भारतीय कपास निगमाच्या, म्हणजे सीसीआयच्या केंद्रावर कापूस दिला असेल, तर पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात आणि विदर्भातल्या निम्म्या गोंधळाचे मूळ इथेच आहे, असे आम्हांला फिरताना वाटत राहिले. एकाच कास्तकाराचे पीककर्जाचे खाते जिल्हा बँकेत असते, जनधनचे राष्ट्रीयीकृत बँकेत असते आणि तिसरे कधीतरी एखाद्या दुकानात अंगठा लावून उघडलेले असते. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या नोंदीत एका आधार क्रमांकापुढे एकच बँक असते आणि ती बहुधा शेवटी जोडलेली असते. कास्तकार पहिल्या बँकेत पासबुक भरून घेत राहतो आणि पैसे तिसऱ्या खात्यात केव्हाच येऊन पडलेले असतात.

(दृश्य : बँकेची खिडकी. आरटीजीएसचा भरलेला अर्ज.)

या अर्जावर लाभार्थ्याचे नाव ठळक अक्षरांत लिहिलेले असते, परंतु पैसा नावाने चालत नाही. अकरा अक्षरांचा आयएफएससी हा संकेतांक शाखा ठरवतो, खाते क्रमांक माणूस ठरवतो. असा क्रमांक अस्तित्वातच नसेल तर रक्कम परत येते. मात्र एक आकडा चुकून तो दुसऱ्याच कुणाच्या खात्याचा निघाला, तर रक्कम मुकाट्याने तिथे जमा होते आणि मग त्या खातेदाराच्या संमतीसाठी विनवण्या कराव्या लागतात. पैसे पाठवण्याआधी लाभार्थ्याचे नाव पडद्यावर पाहण्याची सोय एनईएफटी आणि आरटीजीएससाठी १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांना द्यावी लागली. ही सोय शाखेत येणाऱ्यांसाठीही आहे. ती वीस वर्षे आधी का सुचली नाही, हा प्रश्न रास्त आहे.

शाखेत या चुकीवरचा जुना उपाय म्हणजे दोन माणसे. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने अर्ज हातात घेऊन ती तपासायची आणि मगच मंजुरी द्यायची. नियम म्हणून त्यात खोट काढता येत नाही. परंतु तीन माणसांच्या शाखेत बाजाराच्या दिवशी एक जण रजेवर गेला की दुसऱ्याचा पासवर्ड पहिल्याला ठाऊक होतो, आणि कागदावर दोघांची सही असलेला व्यवहार प्रत्यक्षात एकाच डोळ्याखालून गेलेला असतो. जोखीम संगणकातच असते असे मानणाऱ्यांनी एकदा हा बाजाराचा दिवस पाहावा.

संगणकातली जोखीम खोटी आहे असे मात्र नव्हे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. हल्लेखोरांनी एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणारी बनावट यंत्रणा उभी केल्यामुळे बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत विचारणा पोहोचतच नव्हती. त्या शनिवारी शेकडो कोसांवरच्या एटीएममधून नोटा निघाल्या आणि सोमवारी स्विफ्ट या परदेशी बँकांशी व्यवहार करण्याच्या यंत्रणेच्या वाटेने आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. रोज संध्याकाळच्या ताळमेळाला कारकुनी काम म्हणून नाके मुरडणाऱ्यांना ही घटना सांगण्याजोगी आहे.

(दृश्य : संध्याकाळ. शाखाधिकाऱ्याच्या पडद्यावर इशाऱ्यांची यादी.)

खातेदाराच्या नेहमीच्या वागण्याशी न जुळणारा व्यवहार दिसला की प्रणाली इशारा देते आणि त्याची छाननी करावी लागते. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ चा आहे. त्याखाली दहा लाखांवरच्या रोख व्यवहारांची माहिती दरमहा, आणि संशयास्पद ठरलेल्या व्यवहाराची माहिती तसा निष्कर्ष निघाल्यावर तातडीने, दिल्लीच्या वित्तीय गुप्तवार्ता एककाकडे जाते. असा अहवाल पाठवल्याचे ग्राहकाला सांगण्यास मनाई आहे. म्हणूनच "पैसे कोठून आले?" असे विचारणारा बाबू आपण का विचारतो आहोत हे सांगू शकत नाही आणि कास्तकाराला तो उद्धट वाटतो.

खरी अडचण अशी की वर्षभर हजार-दोन हजारांनी हलणाऱ्या खात्यात डिसेंबरमध्ये एकदम चार लाख येणे आणि आठवडाभरात ते कृषी केंद्र, मजुरी व सोसायटीचे कर्ज यांत वाटले जाणे, हे कापसाच्या मुलखात अगदी नेमाचे आहे. दूरच्या शहरात बसवलेल्या नियमाला ते संशयास्पद दिसते. हेच चार लाख ऐन जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, घरात पैशाची ओढाताण असताना आले आणि तासाभरात पाच अनोळखी खात्यांत गेले, तर प्रश्न विचारलाच पाहिजे. कारण थोड्या पैशांसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हाती देणारी पोरे असतात. खाते भाड्याने दिले एवढेच त्यांना कळते, त्यातून कुणाची लूट फिरते हे पोलीस दारात येईपर्यंत कळत नाही. कोणते चार लाख कापसाचे आणि कोणते नव्हेत, हे ओळखायला वेचणी कधी संपते हे ठाऊक असलेला माणूस लागतो, आणि तो माणूस दर तीन वर्षांनी बदलून जातो.

ज्याचे पैसे लुटले गेले त्याच्यासाठी वेळ फार मोलाची आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकांनुसार चूक ग्राहकाचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, तर सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्यावर नुकसानाचा भार पडत नाही. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याचे. म्हणून सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक गुन्ह्याच्या पहिल्या तासात लावायचा असतो, गावातल्या चार जाणत्यांचा सल्ला घेऊन झाल्यावर नव्हे.

(दृश्य : शाखेचे शटर अर्धे खाली. आत एक दिवा.)

शाखाधिकाऱ्याच्या यादीत आज दोन इशारे उरले आहेत. पहिल्या खातेदाराला त्याने दुपारीच बोलावून घेतले होते. त्याच्या सात-बाऱ्यावर कापसाचा पेरा आहे आणि काटापावतीवरची रक्कम खात्यातल्या रकमेशी जुळते. दोन्हींच्या प्रती जोडून त्याने ती नोंद बंद केली. दुसऱ्या खात्याचा मालक फोन उचलत नाही आणि त्या रकमेला जोडायला कोणताही कागद नाही. ती नोंद उघडी ठेवून त्याने मुख्यालयाला द्यायचा अहवाल लिहायला घेतला.