मिरचीला पाणी मागू द्या

श्रोतेहो, नमस्कार. आज सकाळी इथं यायला निघण्याआधी गॅलरीतल्या कुंडीतून सात मिरच्या तोडल्या. देठासकट तोडल्या, देठ निघाला की मिरची लवकर मऊ पडते. अशा ताज्या मिरचीचा ठेचा एकदा खाल्लात, की फ्रीजमध्ये आठवडाभर पडून राहिलेली मिरची हातात घ्यावीशी वाटत नाही. म्हणून सांगते, एक तरी कुंडी लावाच.

कुंडी 12 इंची घ्या, बुडाला भोकं हवीतच. निम्मी माती, उरलेल्या निम्म्यात शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. ठेच्यासाठी पुसा ज्वाला चांगली, लांब आणि सुरकुतलेली. झणझणीत हवी असेल तर लवंगी. रोप पाच-सहा आठवड्यांचं, वीतभर झालं की मोठ्या कुंडीत हलवा. ऊन मात्र पाच-सहा तास पाहिजे, नाहीतर नुसता पालाच वाढतो.

आता पाणी. पहिल्या वर्षी माझी चारही रोपं गेली, ती मायेपोटी. सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होते. मुळं कुजली, पानं पिवळी पडली. तेव्हापासून एकच नेम: बोट पेरभर मातीत खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी. भर दुपारी पानं जराशी मलूल झाली तरी घाबरू नका, ऊन उतरलं की ती पुन्हा उभी राहतात. पाण्याचा थोडा ताण बसलेल्या झाडाची मिरची बहुधा जास्त तिखट होते. फुलं आल्यावर मात्र माती पार सुकू देऊ नका, फुलं गळतात. उन्हाळ्यात पारा 35 अंशांच्या वर गेला की तशीही गळतात. तेव्हा दुपारपुरती कुंडी सावलीत सरकवा.

आणि बोकड्या, मिरचीचा नेहमीचा रोग! पानं आकसतात, वळतात, झाड खुरटतं. पानं वरच्या बाजूला वळली असतील तर बहुतेक फुलकिडे, खालच्या बाजूला वळली असतील तर कोळी, ही डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड. कोवळ्या शेंड्याचं पान रोज उलटून बघा. सुरुवातीलाच निंबोळी अर्क फवारला तर झाड वाचतं. सगळंच झाड आकसलं, तर ते उपटून टाकलेलं बरं, शेजारच्या कुंड्या तरी वाचतात.

ठेच्यासाठी लोखंडी तवा तापवा. थोडं तेल, त्यात मिरच्या आणि सोललेला लसूण. मिरचीच्या सालीवर पांढरट फोड येऊन ते करपायला लागले, की मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि जाडं मीठ घाला, गॅस बंद करा आणि तव्यातच तांब्याच्या बुडानं रगडा. मिक्सरला लावू नका, लगदा होतो; ठेच्यात लसणाचा तुकडा दाताखाली यायला हवा. तिखट कमी हवं असेल तर मिरची चिरून आतला पांढरा गाभा काढा. तिखटपणा खरा तिथं असतो. बियांना तो गाभ्यामुळंच लागतो. हात चुरचुरले तर आधी तेल चोळा, मग साबण लावा. नुसत्या पाण्यानं ती आग जात नाही. तोंड पोळलं तर घोटभर दूध किंवा दही.

एक मिरची मात्र तोडायची नाही. सगळ्यात निरोगी झाडावरची, चांगली भरलेली, ती लाल होईपर्यंत तशीच ठेवायची. पुढच्या वर्षीचं बी तिच्यातून घ्यायचं. संकरित वाणाचं बी धरू नका, त्याची रोपं मूळ झाडासारखी निघत नाहीत. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही, त्यामुळं लाल मिरची दिसली की बुलबुल येतात. माझ्या गॅलरीत गेल्या वर्षी दोन नेल्या. म्हणून यंदा त्या एका मिरचीवर मलमलीचं फडकं बांधलंय.