लिबेरो: होंग म्योंग-बोची गोष्ट

नमस्कार. कोल्हापुरात येऊन फुटबॉलवर बोलायचं म्हणजे पैलवानाला लंगोट बांधायला शिकवण्यासारखं आहे. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसणारा कुठलाही आजोबा माझ्यापेक्षा चार गोष्टी जास्त सांगेल. म्हणून मी मुद्दाम तुमच्या लाडक्यांपैकी कुणी निवडला नाही. विश्वचषक आला की इथल्या गल्ल्या ब्राझील आणि अर्जेंटिनात वाटल्या जातात. कोरियाचा झेंडा मी तरी अजून कुठल्या चौकात बघितलेला नाही. खरं तर 1962 साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत आपण याच दक्षिण कोरियाला अंतिम सामन्यात 2-1 असं हरवून सुवर्णपदक घेतलं होतं. पुढं ते कुठं गेले आणि आपण कुठं राहिलो, हा वेगळा आणि दुखरा विषय आहे. आज नको.

त्या सामन्यानंतर सात वर्षांनी, 1969 मध्ये, सोलला होंग म्योंग-बो जन्मला. त्याची मैदानावरची जागा आधी समजून घेऊ, कारण माझ्या मते पुढचं सगळं त्या जागेतूनच येतं. तो लिबेरो. शब्द इटालियन, अर्थ ‘मोकळा’. बाकीच्या बचावपटूंना एकेक गिऱ्हाईक नेमून दिलेलं असतं. याला कुणीच नाही. हा गोलकीपरच्या पुढं आणि बाकी सगळ्यांच्या मागं उभा राहणार, ज्याची चूक होईल त्याच्या जागी धावणार. म्हणजे काम दुसऱ्याचं पांघरूण होण्याचं! पण चेंडू मिळाला की हाच मोकळा माणूस मान वर करून पुढं निघतो आणि चाळीस मीटरचा पास टाकतो. होंगला दोन्ही जमायचं. 1992 मध्ये पोलाद कारखान्याच्या मालकीच्या पोहांग संघातून तो व्यावसायिक लीगमध्ये उतरला. पहिल्याच मोसमात संघ विजेता, आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा नवखा बचावपटू. गोल करणारे सोडून मागं उभा राहणाऱ्याला असा मान फार क्वचित मिळतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

विश्वचषक तो चार खेळला: 1990, 1994, 1998 आणि 2002. सलग चार खेळणारा पहिला आशियाई. पण पहिल्या तीनमध्ये कोरियानं एकही सामना जिंकला नाही. त्यांचा 1954 पासूनचा हिशेब मांडला तर 2002 च्या आधी 14 सामने, विजय शून्य. त्यातले नऊ सामने होंगनं मैदानात उभं राहून सोसलेत.

1994 चं थोडं सविस्तर सांगतो. डॅलसचं जून महिन्यातलं ऊन. स्पेनविरुद्ध कोरिया 0-2 मागं, पाच मिनिटं उरलेली. होंगची फ्री किक भिंतीला लागून दिशा बदलते आणि जाळ्यात जाते. मग शेवटच्या मिनिटाला त्याच्याच पासवर दुसरा गोल. बरोबरी! दहा दिवसांनी त्याच मैदानावर समोर गतविजेता जर्मनी. मध्यंतराआधीच 0-3, त्यातले दोन गोल युर्गेन क्लिन्समनचे. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे. दुसऱ्या अर्ध्यात कोरियानं दोन परत केले, त्यातला एक होंगचा, लांबून मारलेला. हरले, 2-3. पण स्पर्धेत बचावपटूचे दोन गोल, तेही स्पेन आणि जर्मनीला.

1998 मध्ये मार्सेयला नेदरलँड्सनं त्यांना 5-0 असं धुतलं. त्या डच संघाचा प्रशिक्षक होता गुस हिडिंक. कोरियन माणसं व्यवहारी. ज्यानं पाच घातले त्यालाच त्यांनी पुढं आपला प्रशिक्षक केलं.

हिडिंकला कोरियात एक गोष्ट खटकली. मैदानावर धाकटा खेळाडू थोरल्याला हाक मारायला बिचकायचा. आपल्याकडं अहो-जाहो आहे, त्यांच्याकडं त्याची अख्खी उतरंड आहे. वर्षा-दोन वर्षांनी मोठा असला तरी तो ‘ह्योंग’, म्हणजे दादा. आता सांगा, ‘दादा, कृपया चेंडू द्यावा’ म्हणेपर्यंत समोरचा गोल करून जाईल की नाही? हिडिंकनं फर्मान काढलं: मैदानावर मान-पान बंद, नावानं हाक मारायची. तेव्हाचा एक किस्सा अजून सांगतात. संघातल्या एका पोरसवदा खेळाडूनं जेवणाच्या वेळी थेट कर्णधारालाच हाक दिली, ‘म्योंग-बो, चल जेवायला!’ खरा किती, तिखटमीठ किती, मला विचारू नका. पण कोरियात तो टिकलाय, कारण ज्याला हाक मारली तो होंग होता. मितभाषी, चेहऱ्यावर रेष न हलणारा, 33 वर्षांचा. (मीही मघापासून त्याला ‘तो’ म्हणतोय. तिकडं हे खपलं नसतं.)

2002 तुम्ही टीव्हीवर पाहिलंय. बुसानला पोलंडवर 2-0, विश्वचषकातला पहिला विजय. मग पोर्तुगाल, मग इटली. पंचांबद्दल इटली आणि स्पेन अजून दात-ओठ खातात, आणि स्पेनची तक्रार मला तरी अगदीच खोटी वाटत नाही. त्यांचा एक चांगला गोल नाकारला गेला. पण 22 जूनला ग्वांगजूत सामना 0-0 सुटून शूटआउटला गेला, तिथं शिट्टीचा काही संबंध नव्हता. स्पेनच्या होआकिनची पेनल्टी कोरियन गोलकीपरनं अडवली आणि पाचवी, निर्णायक किक घ्यायला निघाला तो होंग. समोर स्पेनचा गोलकीपर कासियास. चेंडू जाळ्यात गेला आणि तो दगडी चेहरा हसला, हात पसरून पळत सुटला. उपांत्य फेरी गाठणारा पहिला आशियाई संघ. स्पर्धेत तिसरा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याला ब्राँझ बॉल मिळाला. पहिला ऑलिव्हर कान, दुसरा रोनाल्डो.

तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात मात्र उलटं झालं. सुरुवातीलाच चेंडू मागं होंगकडं आला, तुर्कस्ताननं तो त्याच्या पायातून काढून घेतला आणि हाकान शुकुरनं अकरा सेकंदांच्या आत गोल केला. विश्वचषकातला सर्वांत झटपट गोल. लिबेरोच्या मागं कुणी नसतं.

आता प्रशिक्षक होंग. 2009 मध्ये वीस वर्षांखालचा संघ विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत नेला. 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेला तो बहुतेक 21 वर्षांखालची पोरं घेऊन गेला; नजर लंडन ऑलिंपिकवर. कोरियात प्रत्येक तरुणाला लष्करात जावं लागतं, तेव्हा जवळजवळ दोन वर्षं. फुटबॉलपटूच्या आयुष्यातली ती ऐन उमेदीची. सूट फक्त आशियाई सुवर्णपदकाला किंवा ऑलिंपिकच्या कुठल्याही पदकाला. ग्वांगझूला कांस्य मिळालं, म्हणजे सुटका नाही. पुढची संधी लंडन.

इथं मला मैदानावरचा लिबेरो दिसतो. संघातला स्ट्रायकर पार्क चू-यंग मोनॅकोतल्या वास्तव्याच्या परवान्यावर लष्करी सेवा लांबवत होता, देश चिडलेला. होंग त्याला घेऊन पत्रकारांसमोर बसला आणि म्हणाला की हा गेला नाही तर याच्या जागी मी लष्करात जाईन. ऑगस्टमध्ये कार्डिफला कांस्यपदकासाठी सामना, आणि प्रतिस्पर्धी कोण, तर जपान! पहिला गोल त्याच पार्कचा. 2-0. पण मला आवडतं ते 89वं मिनिट. किम की-ही नावाचा बचावपटू स्पर्धेत तोवर एक मिनिटही खेळला नव्हता, आणि सूट मिळायला मैदानावर पाय ठेवणं भाग होतं. होंगनं त्याला आत पाठवलं. त्या चार-पाच मिनिटांत पोराची दोन वर्षं वाचली.

आणि याच स्वभावानं त्याला 2014 मध्ये बुडवलं. राष्ट्रीय संघाची सूत्रं घेताना त्यानं तत्त्व सांगितलं होतं: क्लबकडून नियमित खेळेल तोच संघात. मग ब्राझीलला नेलं कुणाला? क्लबच्या बाकावर बसून गंजलेल्या पार्कला आणि लंडनच्या बऱ्याच मंडळींना. रशियाशी 1-1, अल्जीरियाकडून 2-4, दहा जणांच्या बेल्जियमकडून 0-1. कोरियन लोक याला ‘उइरी’ म्हणाले, म्हणजे आपल्या माणसाशी इमान. शब्द चांगला, पण तेव्हा शिवीसारखा वापरला गेला. इंचॉन विमानतळावर चाहत्यांनी संघावर ‘योत’ फेकले. योत म्हणजे धान्याच्या चिकापासून केलेली चिकट गोळी. पण ‘योत खा’ ही तिकडं शिवी आहे. जुलैमध्ये त्यानं राजीनामा दिला. माझं विचाराल तर शिव्या जास्तच झाल्या, पण टीका रास्त होती. लिबेरोनं दुसऱ्याची चूक झाकावी. चूक होणार हे दिसत असताना तोच माणूस पुन्हा उभा करू नये.

नंतर चीनमध्ये हांगझोऊचा क्लब, तोही खालच्या विभागात घसरला. मग तीन वर्षं फुटबॉल महासंघात कारभार. 2021 मध्ये परत कोरियाच्या लीगमध्ये, उल्सान. या क्लबची ख्याती दुसरं येण्याची. शेवटच्या वळणावर घसरायचं हे ठरलेलं. होंगच्या पहिल्या वर्षीही दुसरेच. 2022 मध्ये 17 वर्षांनी विजेतेपद, 2023 मध्ये पुन्हा.

आणि 2024. राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक फेब्रुवारीत काढला गेला. कोण? डॅलसचा तोच क्लिन्समन. उल्सानच्या लोकांना होंगनं आपण जाणार नाही असं भासवलं होतं, आणि जुलैत महासंघानं त्याचंच नाव जाहीर केलं. परदेशी उमेदवारांच्या मुलाखती झाल्या, याला वेगळा न्याय, असा आरोप. प्रकरण संसदेच्या समितीपर्यंत गेलं, तिथं त्याला उत्तरं द्यावी लागली. क्रीडा मंत्रालयाच्या चौकशीतही प्रक्रियेवर ठपका आला. मैदानावरचे निकाल मात्र त्याच्या बाजूनं गेले. जून 2025 मध्ये बसऱ्याला इराकवर 2-0, आणि एकही पात्रता सामना न हरता कोरिया सलग अकराव्या विश्वचषकाला पात्र.

मला आठवतो तो त्याच्या या दुसऱ्या खेपेचा पहिला सामना. 5 सप्टेंबर 2024, सोलचं विश्वचषक स्टेडियम, पॅलेस्टाईनशी 0-0. मोठ्या पडद्यावर होंगचा चेहरा आला की सगळं मैदान हुर्यो करत होतं. 2002 मध्ये पाठीराख्यांचा जो लाल कोपरा त्याच्यासाठी घसा फाडत होता, तिथूनही तेच. तो बाकासमोर उभा, चेहऱ्यावर रेष हललेली नाही. सामना संपल्यावर एक खेळाडू तडक त्या कोपऱ्याकडं चालत गेला आणि दोन्ही हातांनी खुणावू लागला, बस करा, आम्हाला साथ द्या. तो होता किम मिन-जे. सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू.