पोटोसी: चांदीच्या डोंगराखालचे शहर

बोलिव्हियातील पोटोसी शहरात आलेल्या माणसाला आधी आपली चाल बदलावी लागते. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांहून अधिक उंचीवरच्या या विरळ हवेत दहा पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. त्यामुळे चढउताराच्या अरुंद गल्ल्या आणि घरांचे लाकडी सज्जे आपोआपच सावकाश पाहिले जातात. त्या गल्ल्यांतून मान वर केली की वारंवार दिसतो तो तांबूस, शंकूच्या आकाराचा डोंगर. स्पॅनिशांनी त्याला सेरो रिको, म्हणजे श्रीमंत डोंगर म्हटले. तेथील मूळ रहिवाशांच्या केचुआ भाषेतील त्याच्या नावाचा अर्थ मात्र देखणा डोंगर असा आहे.

१५४५ मध्ये या डोंगरात चांदी सापडली आणि जेथे धड शेतीही होत नाही, अशा माळावर सतराव्या शतकाच्या आरंभी दीड लाखाच्या आसपास माणसे राहू लागली. ही चांदी काढण्यासाठी व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने १५७० च्या दशकात मिता नावाची पद्धत लागू केली. मिता म्हणजे पाळी. स्पॅनिशांच्या आधीच्या इंका राज्यातही लोक पाळीपाळीने राज्याचे काम करीत. स्पॅनिशांनी शब्द तोच ठेवला आणि त्याची वेठ केली. दूरदूरच्या प्रांतांतील सात प्रौढ पुरुषांमागे एकाला, बहुधा बायकामुलांसह, पोटोसीची वाट धरावी लागे. खाणीतून आलेला दगड पाणचक्क्यांवर कुटला जाई, चांदी वेगळी व्हावी म्हणून त्यात पेरूतील वांकावेलिका येथील खाणीतून आणलेला पारा कालवला जाई, आणि चक्क्यांना बारमाही पाणी मिळावे म्हणून वरच्या डोंगररांगेत बांध घालून तलाव केले गेले.

शहरातील सर्वांत भव्य वास्तू कोणती, असे विचारल्यास कोणत्याही चर्चचे नाव न घेता टांकसाळीचेच घ्यावे लागेल. १७७३ मध्ये पूर्ण झालेल्या, किल्ल्यासारख्या जाड भिंतींच्या या इमारतीत स्पेनहून आणलेली अजस्र लाकडी दातेरी चाके आजही उभी आहेत. वरच्या मजल्यावर या चाकांच्या साहाय्याने चांदीचे पत्रे लाटले जात, आणि खालच्या अंधाऱ्या मजल्यावर खेचरे गोल गोल फिरून तो सारा डोलारा ओढीत. ही टांकसाळ उभी राहण्याच्या कितीतरी आधीपासून अमेरिकेतील स्पॅनिश नाणी युरोपमार्गे सुरतेस पोहोचत आणि तेथील टांकसाळीत वितळून त्यांचे मोगल रुपये होत. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी ज्या सुरतेवर स्वारी केली, तिच्या वैभवात या परक्या चांदीचाही वाटा होता.

याच टांकसाळीच्या संग्रहालयात अठराव्या शतकातील एका अनामिक चित्रकाराचे चित्र आहे, आणि पोटोसीत एकच वस्तू पाहण्याइतका वेळ असेल, तर ती हीच असावी. त्यात मेरीमातेचे वस्त्र म्हणजेच सेरो रिको आहे: तिचा चेहरा आणि दोन्ही हात डोंगरातूनच बाहेर आले आहेत, उतारावर पायवाटा आणि माणसे दिसतात, तर दोन बाजूंना सूर्य आणि चंद्र आहेत. डोंगराला माता मानणाऱ्या अँडीजच्या लोकांना या चित्राचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नसेल. सान लोरेन्सो चर्चच्या दगडी दारावरही असाच मेळ दिसतो. तेथे स्थानिक कारागिरांनी तंतुवाद्य वाजवणाऱ्या जलपऱ्या कोरल्या आहेत.

युनेस्कोने १९८७ मध्ये पोटोसीला जागतिक वारशाचा दर्जा दिला, आणि अव्याहत खाणकामाने डोंगराचा माथाच खचू लागल्यामुळे २०१४ मध्ये त्याचा समावेश धोक्यातील स्थळांच्या यादीत केला. तरीही काम थांबलेले नाही. सहकारी संस्थांचे खाणकामगार गालात थकवा आणि भूक मारणारी कोकाची पाने धरून आजही आत उतरतात, आणि आता चांदीइतकेच, किंबहुना अधिक, जस्त आणि कथील काढतात. बाहेर ख्रिस्ताची सत्ता असली तरी जमिनीखाली ती चालत नाही, असे ते मानतात. म्हणून बोगद्यात जमिनीखालचा धनी मानलेल्या, शिंगे असलेल्या एल तिओची, म्हणजे काकाची, मूर्ती बसवलेली असते. तिच्या तोंडात पेटवलेली सिगारेट ठेवायची, पायाशी थोडी दारू शिंपडायची आणि मगच पुढच्या अंधारात शिरायचे, असा तेथील रिवाज आहे.