हॉटेलातली पाणी-वीज बचत : सुरुवात मोरीपासून

नमस्कार मंडळी. अजिंठा पाहण्यासाठी जळगावात मुक्काम करणारे पर्यटक, मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याला जेवायला थांबणारे प्रवासी आणि भुसावळ जंक्शनवर रात्री-अपरात्री उतरणारी माणसे यांच्यावर खानदेशातली हॉटेले आणि लॉज चालतात. सौर बंब बसवले, एलईडी दिवे लावले, तरी टँकर आणि विजेचे बिल काही कमी होत नाही, अशी तक्रार हॉटेलमालक माझ्याकडे वारंवार करतात. माझ्या मते या तक्रारीचे उत्तर कामगारांची ड्युटी, पगार आणि त्यांना दिलेले शिक्षण यांत शोधायला हवे.

दुपारी दोनच्या सुमारास भांडी घासण्याच्या मोरीपाशी दहा मिनिटे उभे राहून पाहा. नळ सोडलेलाच असतो, कारण ताटांचा ढीग संपल्याशिवाय मावशींना घरी जाता येत नाही आणि प्रत्येक ताटाला नळ उघडायला-बंद करायला लागणारी सवड त्यांना कोणी दिलेली नसते. 15 लिटरची बादली त्या नळाखाली दोन मिनिटांत भरत असेल, तर तासाला 450 लिटर पाणी वाहून जाते. भिंतीवर 'पाणी वाचवा' अशी पाटी लावून हे थांबत नाही. खरकटे काढूनच ताट मोरीवर द्यायचे काम वेटरकडे सोपवा, भांडी आधी मोठ्या टोपात भिजत घाला, नळाखाली फक्त शेवटचे विसळणे ठेवा आणि गर्दीच्या दोन तासांसाठी मोरीवर एक माणूस वाढवा. त्या माणसाची मजुरी टँकरच्या खर्चाशी ताडून पाहिल्याशिवाय ती परवडत नाही असे कृपया म्हणू नका. वेटरने खरकटे आणि केळीची पाने एका पिंपात, बाटल्या आणि पुठ्ठे दुसऱ्यात टाकले, की घनकचरा नियमांनी सांगितलेले ओल्या-सुक्याचे वर्गीकरणही तिथेच होऊन जाते.

तेलाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. शेवभाजीची शेव तळणारा वस्ताद कढईतले तेल कधी बदलायचे हे रंगावरून आणि वासावरून ओळखतो, पण तेल जास्त लागले म्हणून महिन्याच्या शेवटी त्याच्याच पगारातून पैसे कापले जात असतील, तर तो तेच तेल पुन्हा पुन्हा तापवणार, यात नवल नाही. तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे, म्हणजे तेल वारंवार तापवल्याने त्यात तयार होणाऱ्या घटकांचे, प्रमाण 25 टक्क्यांच्या वर जाऊ नये, असा नियम 1 जुलै 2018 पासून देशभर लागू आहे. ही मर्यादा ओलांडलेले तेल गटारात न ओतता बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्याला देता येते. ती विक्री वस्तादाच्या हातून होऊ द्या आणि आलेल्या पैशात स्वयंपाकघरातल्या सर्वांना वाटा द्या.

खोल्यांचे एसी 24 अंशांवर ठेवावेत, हे रूमबॉयला कारणासह समजावून सांगावे. तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगते. मात्र मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जात असताना जो मुलगा भट्टीशेजारी, एक्झॉस्ट पंख्याशिवाय, सलग बारा तास उभा असतो, त्याला पाहुण्याच्या खोलीतली वीज वाचवायला सांगणे मला अन्यायाचे वाटते. उन्हाळ्यात भाज्या चिरण्याचे आणि वाटणाचे काम पहाटे उरकावे, दुपारी विश्रांती द्यावी आणि आठवड्याची सुट्टी बुडवू नये.

हे सारे शिकवायचे ते कामगारांच्या भाषेत. नंदुरबारकडून, सातपुड्याच्या पाड्यांवरून आलेल्या मुलांना छापील सूचनापत्रक हातात देण्यापेक्षा पावरी किंवा अहिराणी बोलणाऱ्या जुन्या कामगाराबरोबर आठ दिवस जोडीने काम करू द्यावे. होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण असून त्या सुमारास बरेच जण गावी जातात. रजा नाकारली तर ते काम सोडून जातात आणि महिनोन्महिने लावलेली शिस्तही त्यांच्याबरोबर जाते. त्यामुळे जानेवारीतच होळीच्या रजांचा तक्ता लावा, पाळ्या ठरवा आणि परत येणाऱ्याला त्याचे पूर्वीचेच काम द्या, म्हणजे नव्याने आलेल्या मुलाला मोरीवरचा टोप कुठे ठेवायचा, हे तोच दाखवील.