आधी चाल, मग गळा

मंडळी, विषय ठरलाय तो 'युरोव्हिजनसाठी पोर्तुगाल आपलं गाणं कसं निवडतं' हा. युरोव्हिजन म्हणजे दरवर्षी देशादेशांत होणारी गाण्यांची स्पर्धा. त्याकडे येतोच. पण गोव्यात उभं राहून पोर्तुगालच्या गाण्यांवर बोलायचं आणि १९७४ सालाला वळसा घालून पुढं जायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही.

आरटीपी ही तिथली सरकारी वाहिनी. १९६४ पासून ती 'फेस्टिव्हल दा कांसांव' भरवते. नाव बघा, उत्सव गाण्याचा आहे, गायकाचा नाही! १९७४ ला तिथं पाउलो द कार्व्हालो यांचं 'इ देपोइश दु आदेउश' जिंकलं. 'आणि निरोपानंतर'. संपलेल्या प्रेमाचं साधं गाणं. ६ एप्रिलला ते ब्रायटनला युरोव्हिजनमध्ये गायलं गेलं. ॲबा या स्वीडिश बँडचं गाणं पहिलं आलं, आणि याला मिळाले तीन गुण. सतरा देशांत शेवटचा नंबर, तोही आणखी तिघांबरोबर वाटून घेतलेला.

आता २४ एप्रिलची रात्र. लिस्बनजवळ पोंतिन्याच्या बराकीत काही लष्करी अधिकारी रेडिओपाशी कान देऊन बसलेत. १० वाजून ५५ मिनिटांनी हेच गाणं लागतं. 'तयार व्हा' असा तो इशारा होता! घरच्या उत्सवात जिंकलेलं गाणं, रेडिओवर लागलं तर कोण कशाला चमकेल? मध्यरात्रीनंतर दुसरं गाणं लागलं, झेका अफोन्सो यांचं 'ग्रांदुला', आणि सैन्य निघालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जवळपास अर्ध्या शतकाची हुकूमशाही कोसळली. तुमच्यापैकी काहींनी १९६१ चा डिसेंबर डोळ्यांनी पाहिलाय. त्या राजवटीनं गोवा भारताचा आहे हे शेवटपर्यंत मानलं नाही. पोर्तुगालनं ते मान्य करून करारावर सही केली ती ३१ डिसेंबर १९७४ ला, या गाण्यानंतर. म्हणून मला ते शेवटचं आलेलं गाणं परकं वाटत नाही.

आणि त्याच्या आदल्या वर्षीचं 'तोराडा'! कवी आरी दुश सांतुश यांनी बैलझुंजीचं वर्णन करता करता राजवटीचे वाभाडे काढले, आणि ते गाणं सेन्सॉरच्या हातून सुटून थेट युरोव्हिजनला पोचलं. ही ताकद शब्दांची.

म्हणूनच मला राग येतो. मागं एका गायनस्पर्धेला मी परीक्षक होतो. बावीस मुलं गायली, सुरेख गायली. निवेदकानं प्रत्येकाचं नाव, शाळा, गुरू सांगितले, मूळ गाणं कुणी गायलं तेही सांगितलं. गीतकार कोण, चाल कुणाची, हे एकदाही नाही. मी मध्येच उठून विचारलं, तर वेळ नाही म्हणाले. बावीस गाण्यांना दोन-दोन नावं. किती वेळ लागला असता हो?

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. तर मुख्य मुद्दा.

२०१६ ला पोर्तुगाल युरोव्हिजनमध्ये उतरलंच नाही. परतताना आरटीपीनं १६ संगीतकारांना बोलावणं धाडलं. गायकांना नव्हे, संगीतकारांना! नवं गाणं करा, कुणी गायचं ते तुम्हीच ठरवा. दोन उपांत्य फेऱ्या, प्रत्येकी आठ गाणी, त्यांतून चार-चार पुढं. अंतिम फेरीत निम्मं वजन सात प्रदेशांतल्या परीक्षकांचं, निम्मं लोकांच्या फोनचं. लुईझा सोब्राल यांनी शब्द आणि चाल केली आणि गायला भाऊ निवडला, साल्वादोर. लोकांच्या मतांत तो दुसरा होता. परीक्षकांनी पहिला ठेवला म्हणून गाणं कीव्हला, २०१७ च्या युरोव्हिजनला गेलं. नुसत्या फोनवर सोडलं असतं तर ते घरीच राहिलं असतं.

साल्वादोरचं हृदय आजारी होतं. कीव्हच्या सुरुवातीच्या तालमींना त्याच्या जागी बहीणच उभी राहून गायली. १३ मे २०१७ च्या रात्री ना नाच, ना आगीचे लोळ. प्रेक्षकांच्या मधोमध छोटा मंच, ढगळ कोट, आणि गाणं संपूर्ण पोर्तुगीजमध्ये. गुण ७५८! १९६४ पासूनचा पहिला विजय. विजेत्यानं गाणं पुन्हा म्हणायचं असतं. साल्वादोरनं लुईझाला मंचावर बोलावलं, आणि ते दोघं मिळून गायले.