सहा महिन्यांची सही: जेरुसलेममधल्या अमेरिकी वकिलातीची गोष्ट

[दृश्य: रस्त्याकडेला फलक बसवणारे कामगार, भोवती छायाचित्रकार]

७ मे २०१८. जेरुसलेमच्या दक्षिण भागातली ही अर्नोना वस्ती. महापौर नीर बरकात स्वतः रस्त्यावर उतरलेत. हिब्रू, अरबी आणि इंग्रजी, तिन्ही भाषांत फलकावर लिहिलंय: अमेरिकेची वकिलात. उद्घाटनाला अजून आठवडा आहे, पण ज्या कायद्यामुळे हा फलक लागतोय तो बावीस वर्षं जुना आहे.

[दृश्य: अमेरिकी संसद, १९९५ ची चित्रफीत]

ऑक्टोबर १९९५. सिनेटमध्ये रिपब्लिकन नेते बॉब डोल यांचं विधेयक आलं. जेरुसलेम ही इस्रायलची राजधानी, आणि ३१ मे १९९९ पर्यंत आपली वकिलात तेल अवीवहून तिथे न्यायची. सिनेटमध्ये ९३ विरुद्ध ५, प्रतिनिधिगृहात ३७४ विरुद्ध ३७. दोन्ही पक्षांची मतं एकाच पारड्यात पडली. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांना विधेयक नको होतं, पण एवढं बहुमत पाहून ते गप्प राहिले. त्यांच्या सहीशिवायच कायदा अमलात आला.

घोडं पेंड खात होतं ते एका कलमात. राष्ट्रीय सुरक्षेचं कारण दाखवलं, की राष्ट्राध्यक्षांना सहा महिन्यांची मुदतवाढ घेता येई. कितीदा घ्यायची, याला मर्यादा नाही. १९९९ साली क्लिंटन यांनी सही केली. जॉर्ज बुश यांनी २००० च्या प्रचारात सांगितलं होतं, सत्तेवर आलो की वकिलात हलवायला घेतो. आठ वर्षं तेही सही करत राहिले. बराक ओबामा उमेदवार असताना जेरुसलेमचं नाव घेऊन टाळ्या मिळवून गेले, आणि मग त्यांनीही तेच केलं. निवडणुकीत आश्वासन, जून-डिसेंबरला सही. घोंगडं भिजत पडलं ते पडलंच.

[दृश्य: क्नेसेटची इमारत, सर्वोच्च न्यायालय]

आता ही इमारत बघा. इस्रायलची संसद, क्नेसेट. पलीकडे सर्वोच्च न्यायालय. पंतप्रधानांचं कार्यालय जवळच. हे सगळं पश्चिम जेरुसलेममध्ये, १९४९ च्या युद्धबंदी रेषेच्या इस्रायली बाजूला. नव्या राजदूताला आपली अधिकारपत्रं राष्ट्राध्यक्षांना द्यायची, तर तेल अवीवहून डोंगर चढून इथेच यावं लागतं. उजव्यांचा सवाल साधा होता: देश आपली राजधानी स्वतः ठरवतो, मग जगात एकाच देशाला ही मुभा का नसावी?

विरोधकांचं उत्तरही जुनंच. १९४७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावात हे शहर कुणाचंच नव्हतं, ते आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली राहायचं होतं. १९६७ च्या युद्धात इस्रायलने पूर्व जेरुसलेम घेतलं, आणि पॅलेस्टिनी लोकांना आपली राजधानी तिथेच हवी आहे. १९८० साली इस्रायलने अखंड जेरुसलेम राजधानी असल्याचा कायदा केला. त्यावर सुरक्षा परिषदेने ४७८ क्रमांकाचा ठराव करून सगळ्या देशांना आपल्या वकिलाती शहराबाहेर न्यायला सांगितलं. तेरा देशांनी आपलं बस्तान हलवलं.

पाश्चात्त्य उजव्यांतही हात पोळलेले आहेत. कॅनडात पुराणमतवादी पक्षाचे नेते जो क्लार्क यांनी १९७९ च्या निवडणुकीत हेच वचन दिलं होतं. सत्तेवर आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी ते गुंडाळलं.

[दृश्य: मंडपांच्या सणातली मिरवणूक. देशोदेशींचे झेंडे, ढोल, नाचणारी माणसं]

हे चेहरे नीट बघा. यातले बहुतेक ज्यू नाहीत. हे ख्रिस्ती आहेत, ज्यूंच्या सुक्कोत सणाला जगभरातून येतात आणि जेरुसलेमच्या रस्त्यांवरून मिरवणूक काढतात. १९८० साली देशोदेशीच्या वकिलाती शहर सोडून गेल्या, तेव्हा यांनी इथे स्वतःची एक ‘ख्रिस्ती वकिलात’ उघडली. आजही ती चालू आहे.

अमेरिकी राजकारण इथून समजून घ्यायला हवं. तिथले बहुसंख्य ज्यू डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतात. इस्रायलच्या बाजूने उजव्यांना रेटा मिळतो तो इव्हँजेलिकल, म्हणजे बायबललाच अंतिम प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट, चर्चमधून. २०१६ साली गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी दहातल्या आठांनी डोनाल्ड ट्रम्प यांना मत दिलं. उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात देव अब्राहामाला सांगतो, तुला आशीर्वाद देणाऱ्यांना मी आशीर्वाद देईन. टेक्ससच्या रविवारच्या प्रार्थनेत हा धर्म असतो, आणि मंगळवारी मतदानाला गेल्यावर तेच परराष्ट्र धोरण होतं. वॉशिंग्टनच्या तज्ज्ञांना ही माणसं कधी कळलीच नाहीत.

[दृश्य: व्हाइट हाउस, ट्रम्प आणि मागे माइक पेन्स]

६ डिसेंबर २०१७. ट्रम्प घोषणापत्रावर सही करतात आणि कागद कॅमेऱ्यासमोर धरतात. इस्रायलची राजधानी म्हणून जेरुसलेमला मान्यता मिळाली. (इमारत तयार नव्हती, म्हणून सहा महिन्यांच्या मुदतवाढीवरही त्याच दिवशी सही झाली. हा भाग कॅमेऱ्यात नाही.) दोन आठवड्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १२८ देशांनी या निर्णयाविरुद्ध मत दिलं, अमेरिकेच्या बाजूने नऊच. त्या १२८ मध्ये भारत होता. पंतप्रधान मोदी त्याच वर्षी जुलैत इस्रायलला जाऊन आले होते, तरीही. आपली वकिलात आजही तेल अवीवलाच आहे.

[दृश्य: उद्घाटन. पडदा सरतो, मागे अमेरिकेची मुद्रा]

१४ मे २०१८, इस्रायलच्या स्थापनेला सत्तर वर्षं. ट्रम्प यांची मुलगी इव्हांका आणि अर्थमंत्री स्टीव्हन म्नुचिन मुद्रेवरचा पडदा सारतात. सुरुवातीची प्रार्थना डॅलसचे पाद्री रॉबर्ट जेफ्रेस यांची, शेवटची सान अँतोनियोच्या जॉन हेगी यांची. हेगी यांनी २००६ साली इस्रायलसमर्थक ख्रिस्ती संघटना उभी केली होती. आज पहिल्या रांगेतल्या टाळ्या त्यांच्या वाट्याच्या आहेत. बेतार जेरुसलेम या फुटबॉल क्लबने तर आपल्या नावात ‘ट्रम्प’ जोडायचं जाहीर केलं. उत्साहाला सीमा नव्हती.

[दृश्य: गाझाचं कुंपण, धूर. निवेदन थांबतं, आवाज मूळचा]

त्याच दिवशी गाझाच्या सीमेवर इस्रायली सैन्याच्या गोळीबारात सुमारे साठ पॅलेस्टिनी मारले गेले.

[दृश्य: वकिलातीचं आजचं प्रवेशद्वार]

पुढे काय झालं? ग्वाटेमाला दोन दिवसांत पाठोपाठ आला. ऑस्ट्रेलियाच्या स्कॉट मॉरिसन सरकारने पश्चिम जेरुसलेमला राजधानी म्हणून मान्यता दिली, २०२२ साली मजूर पक्षाने ती काढून घेतली. पॅलेस्टिनी लोकांशी संबंध ठेवणारा अग्रोन रस्त्यावरचा अमेरिकी वाणिज्य दूतावास २०१९ मध्ये वकिलातीत विलीन झाला. जो बायडन यांनी तो पुन्हा उघडण्याचं सांगितलं होतं, उघडला नाही. वकिलात जेरुसलेममध्येच राहावी, यावर २०२१ साली सिनेटने ९७ विरुद्ध ३ असा कौल दिला.

[दृश्य: टकर कार्लसन आणि टेड क्रूझ समोरासमोर, जून २०२५]

वाद आता उजव्यांच्या घरातच शिरलाय. रिपब्लिकन सिनेटर क्रूझ बायबलमधल्या त्या आशीर्वादाचा दाखला देतात. उजव्यांचे लोकप्रिय मुलाखतकार कार्लसन विचारतात, बायबलमध्ये कुठे आहे ते? क्रूझ यांना अध्याय सांगता येत नाही. अमेरिकेचं हित आधी म्हणणाऱ्या गटाचा आक्षेप वकिलातीच्या इमारतीला नाहीच. त्यांचा रोख युद्धांवर आणि पैशांवर आहे. २०१६ च्या करारानुसार अमेरिका इस्रायलला दहा वर्षांत ३८ अब्ज डॉलरची लष्करी मदत देते. त्या कराराची मुदत २०२८ मध्ये संपते, आणि अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकही त्याच वर्षी आहे.