लॅपटॉप चालू होत नाही? फॉरमॅट मारायला देण्याआधी हे बघा

नमस्कार मंडळी!

"ताई, लॅपटॉप चालू होत नाहीये, काय करू?" रोज कुणी ना कुणी कमेंटमध्ये हे विचारतं, आणि पावसाळा लागला की विचारणारे वाढतातच. मी उलट विचारते, चालू होत नाही म्हणजे नक्की काय होतं? त्यावर उत्तर येतं, "अहो, चालूच होत नाही!"

आता यावरून मी काय सांगणार? दिवाच लागत नाही ही एक तक्रार. दिवा लागतो पण स्क्रीन काळी, ही दुसरी. कंपनीचा लोगो येतो आणि गाडी तिथेच अडते, ही तिसरी. तिन्हींची कारणं वेगळी, इलाज वेगळे, खर्चही वेगळा. पहिल्या दोन मी भराभर सांगते, कारण मला आज तिसरीवर बोलायचंय.

तर पहिली. बटण दाबलं, पंख्याचा आवाज नाही, एकही लाइट नाही. एक्स्टेंशन बोर्ड सोडा, चार्जर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. सी-टाइप चार्जिंग असेल तर मोबाइलच्या चार्जरवर लॅपटॉप तपासू नका. लॅपटॉपला ४५ किंवा ६५ वॉट लागतात, १८ वॉटच्या चार्जरवर तो उठत नाही, आणि मग तुम्ही म्हणता मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, गेला.

चार्जर ठीक असेल तर हे करा. चार्जर काढा. पेनड्राइव्ह, माउसचं डोंगल, हेडफोन, सगळं काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा. आता पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. सोडा. बॅटरी बाजूलाच राहू दे, फक्त चार्जर लावा आणि चालू करून बघा. बोर्डावर अडकून राहिलेला चार्ज यानं निघून जातो. "केलं ताई, काही झालं नाही," असं लिहिणाऱ्यांना मी नेहमी विचारते, चार्जर काढला होता का? बरेच जण म्हणतात, नाही, लावलेलाच होता. मग पुन्हा करा, काढून. लेनोवोच्या बऱ्याच थिंकपॅड लॅपटॉपना तळाशी रीसेटचं एक बारीक भोक असतं. तिथेही तेच, आधी चार्जर काढायचा, मग सरळ केलेल्या पेपरक्लिपनं आतलं बटण हलकेच दाबायचं.

दुसरी. लाइट लागतो, पंखा फिरतो, स्क्रीन काळी.

[कॅमेरा टेबलावरच्या लॅपटॉपवर]

खोलीत अंधार करा आणि मोबाइलची टॉर्च अशी तिरकी स्क्रीनवर मारा. अंधूक चित्र दिसलं तर लॅपटॉप चालू आहे, स्क्रीनमागचा उजेड तेवढा गेलाय. एचडीएमआयची वायर टीव्हीला लावून बघा. टीव्हीवर चित्र आलं तर तुमचा डेटा सुखरूप आहे, निम्मी काळजी तिथेच मिटली. डेलचा लॅपटॉप असेल तर डी अक्षराचं बटण धरून ठेवून पॉवर दाबा, स्क्रीनवर एकामागून एक रंग यायला हवेत.

आणि लाइटची उघडझाप मोजा! डेलच्या बऱ्याच मॉडेलमध्ये दोनदा केशरी आणि तीनदा पांढरा लाइट लागला तर रॅम, म्हणजे लॅपटॉपची कामापुरती मेमरी, सापडत नाहीये. दोनदा केशरी आणि सातदा पांढरा, तर स्क्रीनचा घोटाळा. एचपीमध्ये कॅप्स लॉकचा दिवा असाच लुकलुकतो. आपल्या मॉडेलचा तक्ता कंपनीच्या वेबसाइटवर बघा. लॅपटॉप स्वतःहून सांगतोय कुठे दुखतंय, आणि आपण बटण दाबत सुटतो.

रॅमचं म्हणाल तर मी राहते रत्नागिरीत. इथे जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेनं कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी धरते. ही बघा रॅमची पट्टी.

[पट्टी कॅमेऱ्याजवळ]

ही खालची सोनेरी कड दिसतेय? तिच्यावर हा काळपट थर आलाय. पांढऱ्या मऊ खोडरबरनं हलक्या हातानं घासायचं, रबराचा भुगा नीट झटकायचा आणि दोन्ही बाजूंच्या क्लिपा "टक्" वाजेपर्यंत पट्टी बसवायची. त्याआधी चार्जर काढायचा आणि आतल्या बॅटरीचा कनेक्टरही सोडवायचा. ज्यांना तो सोडवता येत नाही त्यांनी उघडू नका, दुकानात समोर बसून करून घ्या. पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच जोडलेली असते, तिथे हा उपाय नाही. आणि नवी डीडीआर-५ रॅम घातल्यावर पहिल्या वेळी स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. घाबरून बंद करू नका, थांबा.

आता तिसरी. लोगो येतो, खालचे ठिपके गोल गोल फिरत राहतात, किंवा निळी स्क्रीन येते. आणि इथे दुकानात एकच वाक्य ऐकू येतं, "फॉरमॅट मारावं लागेल." म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकायचं.

मंडळी, थांबा. लगेच हो म्हणू नका. विंडोज लागोपाठ दोन-तीनदा अर्धवट सुरू झालं की ते आपणहून दुरुस्तीच्या स्क्रीनवर जातं. तिथे स्टार्टअप रिपेअर आहे, शेवटचं अपडेट काढून टाकायची सोय आहे, सेफ मोड आहे, म्हणजे अगदी गरजेपुरतंच विंडोज सुरू करायचं. हे सगळं करून बघायला अर्धा-पाऊण तास जाईल, पण फायली जागच्या जागी राहतील.

पण समजा निळ्या स्क्रीनवर लिहून आलंय, बिटलॉकर रिकव्हरी. खाली एक लांबलचक चौकट, आणि तिथे ४८ आकडी की, म्हणजे किल्ली, मागतायत. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. मला सगळ्यात जास्त फोटो याच स्क्रीनचे येतात. सोबत प्रश्न, "ताई, हॅक झालाय का?" "व्हायरस आहे का?"

नाही. हॅक नाही आणि व्हायरसही नाही. बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, आणि ते किल्ली मागतंय, इतकंच. "पण मी कुलूप लावलंच नव्हतं!" बरोबर, तुम्ही नाही लावलं. विंडोज ११ चा नवा लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं पहिल्यांदा सुरू केला की बहुतेक वेळा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे हेच बिटलॉकरचं कुलूप, आपोआप चालू होतं. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या २४एच२ आवृत्तीपासून तर आणखी जास्त लॅपटॉपांवर. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला फायली वाचता येऊ नयेत म्हणून ही सोय आहे, आणि सोय चांगली आहे. माझा राग सोयीवर नाही. किल्ली कुठे ठेवली हे कुणी सांगत नाही, त्यावर आहे.

आमच्या आळीतल्या एका बाईंचं सांगते. शाळेत शिकवतात. त्यांच्या लॅपटॉपची तारीख सारखी मागे जायची, म्हणून त्यांनी एका दुकानात मदरबोर्डावरचा छोटा सेल बदलून घेतला. काम योग्यच होतं. पण सेल काढला की बायोसचं, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामचं, सेटिंग कधीकधी मूळपदावर जातं. मग बिटलॉकरला वाटतं, मशीनमध्ये कुणीतरी हात घातलाय, आणि तो किल्ली मागतो. दुकानदार म्हणाला, विंडोज उडालं, फॉरमॅट मारतो. त्यांनी होकार दिला. वर्षानुवर्षं तयार केलेल्या प्रश्नपत्रिका गेल्या, वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो गेले. नंतर त्या लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आल्या. मी त्यांच्याच मोबाइलवर त्यांचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट उघडायला लावलं, आणि ती किल्ली तिथे होती. पहिल्या दिवसापासून तिथेच होती. त्या बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिल्या. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

फॉरमॅटनंतर रिकव्हरी सॉफ्टवेअरनं काही मिळेल का, हा प्रश्न ठरलेला आहे. साध्या डिस्कवर कधी कधी मिळतं. बिटलॉकरच्या डिस्कवर फॉरमॅट झालं की कुलूप उघडण्यासाठी लागणारी माहितीच पुसली जाते. मग हाती लागते ती नुसती अक्षरांची खिचडी, किल्ली असली तरीही. म्हणून आधी किल्ली शोधायची आणि फॉरमॅटचा विचार सगळ्यात शेवटी.

कशी शोधायची? निळ्या स्क्रीनवर की आयडी, म्हणजे किल्लीची ओळखखूण, लिहिलेला असतो. त्याची पहिली आठ अक्षरं कागदावर उतरवा. मोबाइलवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या वेबसाइटवर साइन-इन करा, डिव्हाइसेसमध्ये आपला लॅपटॉप निवडा, तिथे बिटलॉकर की बघायचा पर्याय मिळेल. दोन-चार किल्ल्या दिसल्या तर गोंधळू नका, ज्या ओळीतली आठ अक्षरं जुळतात तीच आपली.

आणि आता नीट ऐका, कारण बहुतेक जण इथेच अडकतात. "ताई, माझ्या अकाउंटमध्ये काहीच नाही." मग मी विचारते, लॅपटॉप घेतला त्या दिवशी तो सुरू कुणी करून दिला? दुकानातल्या मुलानं? भाच्यानं? जावईबापूंनी? त्यांनी ईमेल कुणाचा टाकला? किल्ली जाते ती त्या दिवशी साइन-इन केलेल्या अकाउंटला. लॅपटॉपचं बिल तुमच्या नावावर असेल, किल्ली भाच्याच्या ईमेलवर असेल. भाचा पुण्याला हिंजवडीत असेल नाहीतर अमेरिकेत न्यू जर्सीत, त्याला फोन करा आणि त्याचं अकाउंट उघडून बघायला सांगा. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या आयडीनं सुरू केला असेल तर तिथल्या आयटीवाल्यांना विचारा, ती किल्ली त्यांच्याकडे असते. मायक्रोसॉफ्टला फोन करून उपयोग नाही, हरवलेली किल्ली ते नव्यानं बनवून देऊ शकत नाहीत.

एका प्रेक्षकांनी लिहिलंय, "मी साधा माणूस, मला कसलं एन्क्रिप्शन? हे सगळं कंपन्यांसाठी." काका, १९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट आलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली. आपल्याकडे विमानतळावर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. इलाज तसा छोटा होता, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल उडवायची. पण डिस्कला कुलूप होतं तिथे त्या फाइलपर्यंत पोहोचायला आधी तेच ४८ आकडे लागले. ज्यांच्याकडे आयटीची अख्खी टीम आहे त्यांची ही धावपळ झाली. तुमच्या घरी टीम म्हणजे तुम्हीच. आणि घरच्या लॅपटॉपलाही तेच कुलूप आहे.

ज्यांचा लॅपटॉप आज व्यवस्थित चालतोय त्यांनी व्हिडिओ इथे थांबवा. सेटिंग्ज उघडा, प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये जा, डिव्हाइस एन्क्रिप्शन ऑन आहे का बघा. ऑन असेल तर अकाउंटवर जाऊन किल्ली कागदावर उतरवा, सोबत की आयडीही लिहा. मी तर लॅपटॉपच्या बिलाच्या मागे लिहिते आणि बिल घरच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवते. लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका, बॅग चोरीला गेली तर किल्लीही गेली. लॅपटॉपमध्येच नोटपॅडवर सेव्ह करून तर अजिबात ठेवू नका, कुलूपबंद खोलीत किल्ली ठेवून काय उपयोग?

आणि दुरुस्तीला देताना, विशेषतः मदरबोर्ड बदलणार असतील तर, आधी किल्ली हातात घ्या. कुलपाचा संबंध बोर्डाच्या सुरक्षा चिपशी असतो. बोर्ड बदलला की किल्ली मागणारच. दुकानदाराला स्पष्ट सांगा, "मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही," आणि जॉबशीटवर हे लिहून घ्या. बरेच दुकानदार प्रामाणिक आहेत, लिहून देतात. जो का-कू करतो त्याच्याकडे लॅपटॉप ठेवू नका.

काही जणांनी कमेंटमध्ये स्क्रीनसोबत आख्खे ४८ आकडेच टाकलेत. कृपा करून ते डिलीट करा. की आयडी दिसला तर चालेल, किल्ली कुणालाही दाखवायची नाही. फोनवर "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय" म्हणून मागणाऱ्यालाही नाही.

शेवटचं, खूप जणांनी विचारलंय म्हणून. चहा सांडला असेल तर वरचं काहीच करू नका. चार्जर काढा, पॉवर बटण दाबून बंद करा, उघडून पालथा ठेवा आणि चालू होतो का हे बघण्याचा मोह आवरून तसाच दुकानात न्या. तांदळात ठेवू नका, साखर आणि दूध तांदूळ शोषत नाहीत. टचपॅड वर उचललेला दिसत असेल किंवा तळ फुगला असेल तर बॅटरी फुगलीय. तो लॅपटॉप चार्जिंगला लावायचा नाही, टोचायचा नाही, दाबून बसवायचा नाही.

तुमच्या लॅपटॉपला काय होतंय ते खाली लिहा. मॉडेलचं नाव, लाइट किती वेळा लुकलुकतो, आणि स्क्रीनवर नक्की काय दिसतं, एवढं लिहिलंत की मी उत्तर देते.